त्रिरश्मी लेणी आणि पांडवांची दंतकथा

नाशिकजवळ, मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या डोंगरात २४ लेणी आहेत. ‘पांडवलेणी’ हे त्यांचे रूढ नाव. वनवासात असताना पांडवांनी ती कोरली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. आपले उपासकही हेच नाव सहजपणे उच्चारतात. म्हणून या समजुतीची तपासणी करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

समजुतीचे मूळ विस्मृतीत आहे. भिक्खू संघाची वस्ती उठली, ब्राह्मी लिपी वाचणारा कोणी उरला नाही. अखंड खडकातील ते प्रचंड काम लोकांनी महाबली वीरांच्या नावे जमा केले. पुढे १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचा उलगडा केला आणि हे लेख वाचता येऊ लागले.

ते काय सांगतात? डोंगराचे नाव ‘तिरण्हु’, म्हणजेच त्रिरश्मी. लेणे क्र. १९ सातवाहन कुळातील कण्ह राजाच्या काळी एका महामात्राने करविले, क्र. १७ धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त या यवनाने. क्र. १८ च्या चैत्यगृहावर धंभिक गावाच्या दानाची नोंद आहे. क्र. ३ हे राजमाता गौतमी बलश्रीने भिक्खू संघास अर्पण केले.

क्र. १० मधील लेख तर हिशेबाची वहीच होय. नहपानाचा जावई उषवदात याने विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापणे कायम ठेव म्हणून ठेविली. त्यांपैकी २००० वर दरमहा शेकडा १ व्याज. त्यातून वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापणे. वर्षाचे व्याज २४०, खर्चही २४०!

भीम-अर्जुनांची नावे तेथे मुळीच नाहीत काय? आहेत. बलश्रीच्या लेखात तिच्या पुत्राचा पराक्रम राम, केशव, अर्जुन व भीमसेन यांच्या तोडीचा म्हटला आहे. परंतु ती केवळ उपमा आहे; लेणी कोरणारे म्हणून त्यांचा उल्लेख कोठेही नाही.

दंतकथा निरुपद्रवी असते, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. या एका नावाखाली गावकरी, विणकर, यवन उपासक, राजमाता आणि प्रत्यक्ष संघ असे सारेच झाकले गेले. त्यांनी आपली नावे दगडावर लिहून ठेविली आहेत. ती वाचावी, मुलांना वाचून दाखवावी आणि डोंगरास त्याच्या स्वतःच्या नावाने, त्रिरश्मी म्हणून, संबोधावे.