क्रीडावृत्ताचें शिक्षण

मुलानें क्रीडावार्ताहर व्हावयाचें ठरविलें, म्हणजे पुष्कळ पालकांच्या कपाळास आठी पडते. खेळ पाहावयाचा आणि कोण जिंकलें तें लिहावयाचें. त्याला विद्यापीठ कशाला, असें ते विचारतात. शिक्षणाचा खर्च घरानेंच सोसावयाचा असल्यामुळें हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाहीं.

आमच्या जिल्ह्यांतलेंच उदाहरण घेऊं. मे २०२३ मध्यें, तिरंदाजीच्या विश्वचषकाच्या शांघाय येथील टप्प्यांत, बुलढाण्याच्या प्रथमेश जावकर यानें नेदरलंड्सच्या माइक श्लोसर या नामांकित तिरंदाजास १४९ विरुद्ध १४८ गुणांनीं हरविलें. टोकांना चक्रें असलेल्या 'कंपाउंड' धनुष्याच्या या सामन्यांत प्रत्येकानें ५० मीटरांवरून १५ बाण मारावयाचे असतात. एका बाणास फार तर १० गुण. आणि दहा गुणांचें वर्तुळ अवघें ८ सेंटिमीटर व्यासाचें!

१४९ म्हणजे चौदा बाण दहांत व एक नवांत, हें माझ्यासारख्या शाळामास्तरासही घरबसल्या कळतें. पण १४८ कसे झाले? दोन बाण नवांत गेले, कीं एकच आठांत? तो गुण आरंभीं निसटला, कीं शेवटच्या बाणाला? बाण रेषेस स्पर्श करील, तर वरचा गुण द्यावयाचा असतो. तसा निर्णय कोठें करावा लागला काय? हें आंकडा सांगत नाहीं. मैदानावर उभा असलेला जाणता वार्ताहरच तें सांगूं शकतो.

हें जाणतेपण कोठें मिळतें? नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयांत १९५२ सालीं, आणि पुणें विद्यापीठांत १९६४ सालीं, वृत्तपत्रविद्येचें शिक्षण सुरू झालें. अशा वर्गांतून भाषा, संपादन, कायदा व सत्यासत्याची पारख हीं शिकतां येतात. परंतु पोहणें जसें कांठावर बसून येत नाहीं, तसें वृत्तलेखनही उमेदवारीवांचून येत नाहीं. विद्यार्थ्यानें तालुक्याच्या कबड्डी-खोखोच्या सामन्यांत गुणलेखकाशेजारीं बसावें, नियमांचें पुस्तक जवळ ठेवावें, आणि सामना संपतांच दीडशें शब्दांत वृत्त लिहून अनुभवी उपसंपादकाच्या हातीं द्यावें. त्याची लाल शाई हाच खरा धडा.

खेड्यांतल्या खेळाडूचें नांव कदाचित् एकदांच छापून येतें. तें चुकलें, तर दुरुस्ती मागावयास तो शहरापर्यंत जात नाहीं. चुकलेलेंच कात्रण घरांत जपून ठेवितो. वार्ताहराच्या शिक्षणाची गरज याहून अधिक कोणती सांगावी?

म्हणून पालकांनीं मुलास अडवूं नये. मात्र प्रवेशापूर्वीं महाविद्यालयास दोन प्रश्न अवश्य विचारावे. विद्यार्थी किती आठवडे प्रत्यक्ष मैदानावर व वृत्तपत्राच्या कचेरींत काढतो? आणि त्याचें लिखाण कोण तपासतो? उत्तरें स्पष्ट मिळालीं, तर पैसा वायां जावयाचा नाहीं.