चेटकिणीच्या लेखणीतला बोक्या

रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात सुरुवातीच्या काळात जी चेटकीण मुलांना घाबरवायची आणि हसवायचीही, तिच्या रंगभूषेआड दिलीप प्रभावळकर असायचे. हेच प्रभावळकर पुढे मुंबई दूरदर्शनवर चिमणराव झाले, ‘झपाटलेला’त तात्या विंचू झाले आणि अल्फा मराठीवर घराघरातले आबा टिपरे झाले. मात्र मुलांसाठी लिहायला बसल्यावर त्यांनी चेटकीण, राक्षस, जादू सगळं बाजूला ठेवलं. त्यांच्या लेखणीतून उतरला बोक्या सातबंडे, पलीकडच्याच बिल्डिंगमध्ये राहत असेल असा खटपट्या, आगाऊ आणि मनाने निर्मळ मुलगा. बोक्याच्या गोष्टींचे दहा भाग झाले, 2009 साली त्याच्यावर चित्रपट आला आणि 2011 मध्ये प्रभावळकरांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला.

छोट्या पडद्यावरच्या नटाने मुलांसाठी लिहिण्याचा प्रकार जगात इतरत्रही आहे. पण तिकडे त्याची गाडी बहुधा थेट परीराज्यात शिरते. त्याचं ठळक उदाहरण म्हणजे ख्रिस कोल्फर. 2009 ते 2015 या काळात चाललेल्या ‘ग्ली’ या अमेरिकी मालिकेत तो कर्ट हमेल हा शाळकरी मुलगा रंगवत होता. त्या भूमिकेसाठी 2011 मध्ये त्याला गोल्डन ग्लोब मिळालं, आणि मालिका चालू असतानाच, 2012 साली, ‘द लँड ऑफ स्टोरीज’ या कादंबरीमालेचा पहिला भाग, ‘द विशिंग स्पेल’, बाजारात आला. तेव्हा तो जेमतेम बावीस वर्षांचा होता. 2017 पर्यंत मालेचे सहा भाग पूर्ण झाले.

पुण्यातल्या धायरीसारख्या ठिकाणी बोक्या आणि कोल्फर ही दोन्ही पुस्तकं एकाच घरात सापडायला हरकत नाही. धारेश्वराच्या देवळाभोवतीचं हे जुनं गाव 2017 मध्ये पुणे महापालिकेत आलं, पण सोसायट्यांनी त्याला त्याआधीच वेढलं होतं. राज्यभरातून नोकरीसाठी आलेली कुटुंबं इथे स्थिरावली आहेत. नातवंडं इंग्रजी माध्यमात, आजी-आजोबा गावाहून येऊन-जाऊन. आजी बोक्या वाचून दाखवते, आणि सहावीतली नात कोल्फरचा चारशेहून जास्त पानांचा ठोकळा मांडीवर घेऊन बसते. पुस्तक हातात घेऊन चाळायचं तर पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक गाठावा लागतो, म्हणजे आधी सिंहगड रस्त्याची कोंडी आली.

त्या ठोकळ्यात आहे तरी काय? अॅलेक्स आणि कॉनर ही जुळी भावंडं. वडील अपघातात गेलेले, आई कामाच्या रगाड्यात. बाराव्या वाढदिवसाला आजी परीकथांचं जुनं पुस्तक भेट देते. ते पुस्तक गुणगुणायला लागतं, त्यात टाकलेल्या पेन्सिली गडप होतात आणि शेवटी दोघं भावंडंही आत पडतात. परत यायचं तर एका मंत्रासाठी आठ वस्तू गोळा करायला हव्यात. सिंड्रेलाची काचेची चप्पल, रॅपन्झेलची बट, परीचा अश्रू अशी ती यादी आहे. स्नो व्हाइटला छळणारी दुष्ट राणीही याच वस्तूंच्या मागावर असते.

खरी गंमत आहे ती ‘आणि मग ते सुखाने नांदू लागले’च्या पुढच्या भागात. लाल टोपीवाली रेड रायडिंग हूड इथे एका राज्याची नखरेल राणी झाली आहे. अस्वलांच्या घरात शिरणारी गोल्डीलॉक्स घरफोडीच्या गुन्ह्यात फरार आहे. दुष्ट राणीच्या दुष्टपणालाही एक जुनं दुःख आहे, आणि ते कळल्यावर तिच्यावर चिडणं अवघड होतं. मुलांना ही राणी जास्त लक्षात राहते. ती अशी उतरली, कारण खलनायकाची बाजू शोधणं हा नटाचा रोजचा अभ्यास असतो.

नटाचा हात इतरत्रही दिसतो. प्रकरणं छोट्या प्रवेशांसारखी पडतात, पात्रं ठसक्यात एंट्री घेतात, वर्णनापेक्षा संवाद धावतात. कधीकधी हे अंगाशीही येतं. जागेचं, हवेचं, वासाचं वर्णन तुटपुंजं राहतं, कारण नेपथ्य दुसरं कोणी उभारेल अशी सवय असावी. मात्र पुस्तक मोठ्याने वाचलं की ही उणीव फारशी जाणवत नाही. कोल्फरने आपल्या मालेची श्राव्य पुस्तकं स्वतःच्या आवाजात केली आहेत. ‘हसवाफसवी’त सहा भूमिका लिहून त्या स्वतःच वठवणाऱ्या प्रभावळकरांचं लेखनही असंच कानाने वाचण्याजोगं आहे. बोक्याच्या गोष्टीत दोन माणसं बोलायला लागली की वाचणाऱ्याचा आवाज आपोआप बदलतो.

मग मराठी नटाने परीकथा का लिहिली नाही? एक कारण असं दिसतं की मराठी मुलांचं अद्भुत जग बरंचसं रंगमंचावरच वसलं होतं. सुधा करमरकरांच्या ‘लिटल थिएटर’ने 1959 मध्ये मतकरींचं ‘मधुमंजिरी’ रंगवलं. पुढे 1962 मध्ये मतकरींनी स्वतःची बालनाट्य संस्था काढली. ‘निम्मा शिम्मा राक्षस’सारखी नाटकं करणाऱ्यांना राक्षस प्रत्यक्ष समोर उभा करता येत होता. नटाची जादूची हौस तिथे भागत होती. पुस्तकासाठी उरलं होतं ते चाळीतलं, शाळेतलं, क्रिकेटच्या मैदानातलं पोर, आणि ना. धों. ताम्हनकरांच्या ‘गोट्या’पासून भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’पर्यंत अशा पोरांची वाट मराठीत आधीच मळलेली होती. बोक्या त्याच वाटेवरचा.

ती रंगमंचीय जादू आटलेली नाही. 2018 मध्ये चिन्मय मांडलेकर यांच्या दिग्दर्शनाखाली ‘अलबत्या गलबत्या’ पुन्हा उभं राहिलं, चेटकीण झाले वैभव मांगले, आणि नव्या पिढीच्या मुलांनी नाट्यगृहं भरली. बोक्याही पुढे पुस्तकातून उडी मारून रंगमंचावर आला.

दिवाळीच्या सुट्टीत घरी हे वाचायचं असेल तर आठ-नऊ वर्षांच्या मुलांना बोक्यापासून सुरुवात बरी. गोष्टी सुट्या आहेत, एका बैठकीत एक संपते. ‘द लँड ऑफ स्टोरीज’ दहा-अकराच्या पुढे, आणि मूळ सिंड्रेला, स्नो व्हाइट ठाऊक असतील तरच, नाहीतर अर्धे विनोद वाया जातात. मोठ्याने वाचताना भूमिका वाटून घ्याव्यात. फक्त दुष्ट राणी आधीच कोणी मागून ठेवली आहे का, हे विचारून घ्यावं, कारण ती सगळ्यांनाच हवी असते.