दोन पुरांमधले चिपळूण आणि त्यानंतरचे

चिपळूणच्या बाजारपेठेत कुठलीही जुनी आठवण निघाली की तिला पुराचा दाखला जोडला जातो. दुकान कधी घेतले? पाचच्या पुराआधी. पोटमाळा कधी घातला? पाचच्या पुरानंतर. आणि तो पोटमाळाही पाण्याखाली गेला तो एकवीसला. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या दोन तारखांनी गावाच्या अलीकडच्या आयुष्याचे तीन तुकडे केले आहेत. या वीस वर्षांचा मागोवा घेताना मला पुरांइतकेच मधल्या काळाबद्दल सांगायचे आहे. एकवीसला गाव ज्यांच्या बळावर उठले त्यांना एकत्र काम करायची सवय त्या मधल्या वर्षांतच लागली होती. ती वाचनालयाच्या कामातून लागली, संमेलनाच्या मांडवात लागली आणि शिमग्याच्या पालखीखालीही लागली.

आधी नदीची ओळख करून द्यायला हवी. वाशिष्ठी सह्याद्रीतून उतरते, चिपळूणच्या उत्तरेकडून वळसा घेते, गोवळकोटपाशी खाडीला लागते आणि पुढे दाभोळला समुद्राला मिळते. शिवनदी थेट गावातून वाहत येऊन तिच्यात शिरते. भरतीचे पाणी गोवळकोटपर्यंत चढते. त्यामुळे डोंगरात ढग फुटले आणि त्याच वेळी खाडीला उधाण असले, की वरून आलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच उरत नाही. ते मग वडनाका, चिंचनाका, भोगाळे असे रस्ते शोधत फिरते. यात भर कोयनेची. कृष्णा खोऱ्यातले सुमारे ६७ टीएमसी पाणी दरवर्षी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवले जाते. पोफळीची वीजगृहे आणि कोळकेवाडीचे धरण पार करून ते अवजल वाशिष्ठीत येते. त्याच्या कृपेने आमची नदी उन्हाळ्यातही भरलेली असते, आणि प्रत्येक पुरानंतरचा पहिला वादही त्याच्यावरूनच पेटतो. हे पाणी पूर वाढवते का? एकवीसनंतर नेमलेल्या मोडक समितीपुढेही तोच प्रश्न होता.

पण अवजलापेक्षा खोल दुखणे गाळाचे आहे. डोंगर उघडे पडत गेले, माती खाली आली, पात्र उथळ झाले आणि त्यात बेटे तयार झाली. ‘जुवाड’ बेटाचे नाव एकवीसनंतर शाळकरी पोरांनाही पाठ झाले.

पाचच्या पुराची एक खंत इथल्या जुन्या माणसांना अजून आहे. त्याच दिवशी मुंबई बुडाली आणि साऱ्या राज्याचे डोळे तिकडे लागले. चिपळूणचा चिखल चिपळूणकरांनीच उपसला. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पाणी शिरले. १८६४ साली सुरू झालेली ही संस्था तालुक्याच्या गावात दीडशेहून अधिक वर्षे टिकून आहे. ती नुसती टिकलेली नाही, गावाच्या सार्वजनिक जीवनाचा कणा होऊन राहिली आहे. ओली पुस्तके वेगळी काढायची, वाचण्याजोगी कोणती ते ठरवायचे, गेलेल्यांच्या जागी नवी मिळवायची, हे सगळे काम तिथल्या मंडळींनी मुकाट्याने केले. पुढे एकवीसला तेच काम पुन्हा अंगावर आले तेव्हा सुरुवात कुठून करायची हे निदान कुणाला विचारावे लागले नाही.

पाचच्या पुराला साडेसात वर्षे होत असताना, ११ ते १३ जानेवारी २०१३ या दिवसांत, ८६वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चिपळूणला भरले. नागनाथ कोत्तापल्ले अध्यक्ष होते आणि यजमान हेच वाचन मंदिर. पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थांनाही धाप लागावी असे हे काम एका गावच्या ग्रंथालयाने अंगावर घेतले, याचे महत्त्व तेव्हाच्या बातम्यांत पुरेसे उमटले नाही. बातम्या वादांच्या झाल्या. निमंत्रणपत्रिकेवरच्या परशूवरून वाद झाला. मिरजोळीतल्या हमीद दलवाईंच्या घरून ग्रंथदिंडी काढण्याच्या कल्पनेवरूनही झाला. मिरजोळी गावाला अगदी लागून आहे. मुस्लिम समाजातल्या सुधारणेसाठी आयुष्य वेचलेला हा माणूस आमच्या मातीत जन्मला, आणि त्याचे नाव मोठ्याने घेताना गाव अजूनही कचरते. मला वाटते, तो वाद व्हायलाच हवा होता. संमेलनाने हा संकोच उघड्यावर आणला हे चांगलेच झाले.

त्या तीन दिवसांनी मागे काय ठेवले, असे आज कुणी विचारले तर मी ठराव आणि भाषणे सांगणार नाही. पाहुण्यांची सोय घराघरांतून लावताना कुणाची खोली रिकामी आहे, कुणाकडे मोठी भांडी आहेत, पाण्याचा टँकर कोण देईल, रात्री दोन वाजता फोन उचलणारा डॉक्टर कोणता, याची जी माहिती गोळा झाली ती कुठल्या दप्तरात राहिली नाही. ती माणसांच्या डोक्यात राहिली. व्यापारी, शिक्षक, कॉलेजची मुले, भजनी मंडळे, नाट्यवेडी मंडळी एकमेकांना नावाने ओळखू लागली. याच गावातली सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था २००२पासून वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी राखत होती, आणि तिथल्या कासव महोत्सवाला लांबलांबून लोक येऊ लागले होते. लोक जमवून कामाला लावण्याचा असा सराव गावात चहूकडे चालू होता.

२ जुलै २०१९च्या रात्री तालुक्यातले तिवरे धरण फुटले. वीसहून अधिक माणसे गेली. खोऱ्याच्या वरच्या अंगाला एवढा घाव बसूनही खाली गावात त्याची आठवण फार लवकर फिकी झाली, हे मला आजही खुपते.

मग एकवीस. कोरोनाची दुसरी लाट ओसरत होती. बंद-चालू, बंद-चालू करत टेकीला आलेल्या दुकानदारांनी गणपतीच्या आशेवर माल भरला होता. २१ जुलैच्या रात्री पाऊस थांबेना. आषाढी पौर्णिमा तोंडावर, म्हणजे खाडीला उधाण. उजाडायच्या आत बाजारपेठेत पाणी शिरले आणि बघता बघता पहिल्या मजल्याला टेकले. वीज गेली, फोन गेले. एसटी आगारात पाणी चढले तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने तिकिटांची रोकड घेऊन बसच्या टपावर तासन् तास काढले. ही गोष्ट महाराष्ट्रभर गेली. पाण्याने वेढलेल्या रुग्णालयात कोविडचे रुग्ण दगावले, तीही गेली. मुंबई-गोवा महामार्गावरचा वाशिष्ठीचा जुना पूल खचला आणि गावाचा उत्तरेकडचा रस्ताच तुटला.

पाणी उतरल्यावरचे दिवस ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना पूर म्हणजे पाणीच वाटते. आम्हाला पूर म्हणजे गाळ. तो पहिल्या दिवशी पातळ असतो, फावड्याने ओढता येतो. ऊन पडले की घट्ट होतो आणि मग पहारीनेच निघतो. शटरच्या खाचेत तो जातो, शिलाई मशीनच्या पोटात जातो, फ्रीजच्या मागे, देवघराच्या खणात, लग्नाच्या अल्बमच्या प्रत्येक पानामागे जातो. किराणा दुकानांत भिजलेले धान्य फुगून पोती फाटली होती, त्याला आंबूस वास सुटला होता. कापडवाले साड्यांचे गठ्ठे रस्त्यावरच्या नळाखाली धरून धूत होते. सर्वांत बोचणारा तोटा उधारीच्या वह्यांचा. शाई विरली तसा येण्याचा हिशेबही गेला, तरी कित्येकांनी आठवणीने पैसे आणून दिले. ही गोष्ट मला सरकारी मदतीच्या पॅकेजच्या आकड्यांपेक्षा मोलाची वाटते.

मदत आली, आणि भरभरून आली. घाटावरून टेम्पो आले, ठाण्यासारख्या महापालिकांची सफाई पथके आली, कुठकुठल्या मंडळांची पोरे फावडी घेऊन उतरली. पण आलेल्या माणसाला आधी कुठे न्यायचे हे कोण सांगणार? ते गावाने सांगितले. कुठल्या आळीत एकट्या म्हाताऱ्या बायका आहेत, कुठल्या विहिरीत पाणी शिरले, कुणाच्या घरी बाळंतीण आहे, ही यादी कागदावर नव्हती. संमेलनात पाहुण्यांच्या खोल्या लावणारी, पालखीपुढे गर्दी आवरणारी, वाचनालयाची वर्गणी गोळा करणारी मंडळीच ती यादी होती.

वाचन मंदिरात पुन्हा ओली पुस्तके. याची एक गंमत नसलेली तांत्रिक बाजू आहे. गुळगुळीत आर्ट पेपरवरची पुस्तके भिजून सुकली की पाने एकमेकांना कायमची चिकटतात. ती ओली असतानाच सोडवावी लागतात. जुना, खरबरीत कागद मात्र धीर धरतो. मध्ये कोरे कागद घालत, पंख्याखाली उभी करून, दिवसातून अनेकदा पाने उलटत राहिले तर तो वाचतो. म्हणजे कालची चकचकीत पुस्तके आधी जातात आणि शंभर वर्षांची तगतात. एकेका पुस्तकामागे बसणारा माणूस लागतो, आणि अशी माणसे ज्या गावात मिळतात ते गाव मला श्रीमंत वाटते.

पुरानंतर बरोबर पन्नासाव्या दिवशी, १० सप्टेंबरला, गणपती होता. गणपतीच्या शाळांत शाडूच्या कच्च्या मूर्ती पाण्यात विरघळून गेल्या होत्या. तरी घराघरांत गणपती बसले. भिंतींना अजून ओल होती, रंगाचा पत्ता नव्हता, मखराच्या जागी नुसता धुतलेला पाट होता. चाकरमानी आले, आणि आरतीच्या आधी अंगणातला उरलेला गाळ काढून गेले. गाव पुन्हा उभे राहते आहे, अशी माझी खात्री पटली ती त्या आठवड्यात.

तेवढ्यावर थांबलो असतो तर पुढचा पूर येईपर्यंत सगळे विसरलो असतो. या वेळी तसे झाले नाही. चिपळूण बचाव समितीने डिसेंबर २०२१मध्ये साखळी उपोषण सुरू केले. मागणी साधी होती: वाशिष्ठी आणि शिवनदीतला गाळ काढा, बेटे काढा, त्यासाठी निधी द्या. हे उपोषण जवळपास महिनाभर चालले. आज व्यापारी, उद्या वकील, परवा महिला मंडळे असे गावातले गट आळीपाळीने मांडवात बसत होते. पक्षाचे झेंडे बाजूला ठेवून बसत होते, हे आवर्जून लिहून ठेवले पाहिजे, कारण कोकणातल्या गावात ते सहजी घडत नाही. मी त्या मांडवाला गावाच्या सर्व सार्वजनिक कार्यक्रमांत पहिला मान देतो, संमेलनाच्याही वरचा. सरकारला निधी मंजूर करावा लागला, आणि नाना पाटेकर-मकरंद अनासपुरे यांच्या नाम फाउंडेशननेही यंत्रे उतरवली. २०२२च्या उन्हाळ्यात नदीच्या पात्रात पोकलेन आणि डंपर दिवसभर घरघरत होते. त्या आवाजाला कुणी नावे ठेवली नाहीत. संध्याकाळी लोक मुलांना घेऊन गाळ कुठवर निघाला ते पाहायला जात.

त्याच वर्षी मार्चमध्ये शिमगा आला. कोरोनाच्या बंधनांनी आधीचे शिमगे आकसून गेले होते, त्यामुळे या खेपेला गर्दी लोटली. गोवळकोटच्या करंजेश्वरीचे शेरणे ज्याने पाहिले नाही त्याला थोडक्यात सांगतो. नवसाचे नारळ जमिनीत पुरून ठेवलेले असतात. देवीची पालखी खांद्यावर घेतलेली माणसे ढोल-ताशांच्या ठेक्यावर ती नाचवत मैदानभर फिरतात, पालखी एके जागी घुटमळते, झुकते, तिथे खणतात आणि नारळ निघतो. नवसाचा भाग ज्याचा त्याचा. मला त्यात दिसते ते पालखीखालचे चालणे. खांदे देणाऱ्यांची उंची सारखी नसते, पाय सारखे पडत नाहीत, कुणी कुणाला सूचना देत नाही, तरी पालखी तोल सोडत नाही. गाळाची पाटी हातोहात पुढे देणाऱ्या जुलैतल्या रांगेत यातले बरेच खांदे होते. नमन आणि जाखडीच्या खेळांनाही त्या वर्षी वाड्यावाड्यांतून उशिरापर्यंत माणूस हलत नव्हता.

त्यानंतरच्या पावसाळ्यांत पाणी सखल भागांत आले, रस्त्यावर मगर दिसली म्हणून जून २०२४मध्ये देशभर चित्रफीत फिरली, पण एकवीससारखा पूर आला नाही. वाशिष्ठीची इशारा पातळी ५ मीटर आणि धोक्याची ७ मीटर, हे आकडे आता भाजीवालीलाही ठाऊक असतात. पूररेषेचा तिढा मात्र सुटलेला नाही. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल, यांनी गावाचा मोठा भाग व्यापला आणि बांधकामे अडली. विरोध समजण्यासारखा आहे. ज्याचे वडिलोपार्जित घर निळ्या रेषेत गेले त्याने काय करायचे? तरीही नदीकाठी भराव घालून उंच होत जाणाऱ्या इमारतींचे समर्थन मला करता येत नाही. एकाने भराव घातला की तेवढे पाणी शेजाऱ्याच्या घरात जाते, आणि हे या गावात सर्वांना तोंडपाठ आहे.

गाळ काढणे हे एका उन्हाळ्याचे काम नाही. काढलेली माती पूररेषेच्या बाहेर नेऊन टाकली नाही तर ती पहिल्या पावसात परत पात्रात येते. शिवाय वरून नवी येतच राहते. म्हणून बचाव समितीच्या, वाचन मंदिराच्या आणि मंडळांच्या लोकांना माझे सांगणे असे आहे की आता बैठका खोऱ्याच्या वरच्या अंगाला, दसपटीत आणि तिवऱ्याच्या बाजूला घ्याव्यात. माती तिथून सुटते. डोंगराची तोड तिथे होते, तिच्यावर पोट असणारी माणसेही तिथेच आहेत, आणि २०१९ला घरची माणसे गमावलेली कुटुंबेही तिथलीच. उपोषणाच्या मांडवात खोऱ्याच्या वरच्या गावांची माणसे मोजकी होती. त्यांच्याकडे आधी ऐकायला जायचे आहे.