अपराजित संघाचे गुडघे

३१ मार्च २००२ रोजी अमेरिकेतल्या सॅन अँटोनियो शहरात, सुमारे २९ हजार प्रेक्षकांसमोर, कनेक्टिकट विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाने ओक्लाहोमा विद्यापीठाच्या संघाला ८२-७० असे हरवले. महाविद्यालयीन बास्केटबॉलचे राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांनी जिंकले होतेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हा त्या हंगामातला त्यांचा ३९ वा सामना आणि ३९ वा विजय होता. नोव्हेंबरपासून एकही पराभव नाही. एका सामन्यातील विजयाचे सरासरी अंतर होते सुमारे ३५ गुणांचे! त्या संघातल्या चौघींना काही दिवसांतच डब्ल्यूएनबीए या व्यावसायिक लीगने निवडले. चौघीही पहिल्या सहा क्रमांकांत, आणि पहिल्या क्रमांकावर सू बर्ड.

क्रीडासमीक्षकांनी या यशाचे श्रेय प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांना आणि मुलींच्या गुणवत्तेला दिले. ते योग्यच आहे. पण डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर याच संघाच्या मागच्या तीन-चार वर्षांत आणखी एक कथा दडलेली दिसते, गुडघ्यांची.

सू बर्ड १९९८ मध्ये कॉलेजात आली, जेमतेम आठ सामने खेळली आणि डिसेंबरमध्ये सरावात तिच्या गुडघ्यातला लिगामेंट फाटला. पहिले वर्ष संपले. तिची सहकारी शे राल्फ तर कॉलेजच्या काळातच तीन वेळा याच दुखापतीला सामोरी गेली. दोनदा फाटलेल्या गुडघ्यातून सावरून ती २००० साली विजेत्या संघात अंतिम फेरीची सर्वोत्तम खेळाडू ठरली आणि मार्च २००१ मध्ये पुन्हा कोसळली. त्याच्या महिनाभर आधी संघाची दुसरी प्रमुख खेळाडू स्वेतलाना अब्रोसिमोवा हिच्या पावलाच्या लिगामेंटला इजा झाली होती. दोघींशिवाय खेळणारा हा संघ २००१ च्या उपांत्य फेरीत हरला. पुढच्याच वर्षी मुख्य पाचही जणी अंतिम सामन्यात मैदानावर होत्या आणि संघ अपराजित राहिला. एका संघाच्या कहाणीवरून शास्त्रीय निष्कर्ष काढता येत नाही, तरीही अपराजित राहण्यासाठी आधी मैदानावर राहावे लागते, एवढे तरी यातून कळते.

नेमके काय फाटते?

गुडघ्यात मांडीचे हाड आणि नडगीचे हाड एकमेकांवर टेकलेले असते. त्यांना आतून बांधून ठेवणाऱ्या दोन दोऱ्या एकमेकींना छेद देऊन जातात. त्यातली पुढची दोरी म्हणजे ‘अँटेरियर क्रुशिएट लिगामेंट’, थोडक्यात एसीएल. नडगीचे हाड पुढे सरकू न देणे आणि गुडघ्याला पीळ बसू न देणे हे तिचे काम. लांबी साधारण तीन-साडेतीन सेंटिमीटर.

ही दोरी तुटायला कोणाचा धक्का लागावाच लागतो असे नाही. बहुतेक वेळा खेळाडू एकटीच असते. उडी मारून एका पायावर उतरते, किंवा धावता धावता एकदम दिशा बदलते. पाऊल जमिनीत रुतलेले, गुडघा जवळजवळ सरळ आणि आत झुकलेला, अंगाचा भार एका बाजूला. ‘कट्’ असा आवाज ऐकल्याचे अनेक जणी सांगतात. गुडघा दोन-चार तासांतच सुजून येतो, कारण आत रक्त साठते.

आमच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत अशा मुली येतात, पण उशिरा. कबड्डीत, खो-खोत, व्हॉलीबॉलमध्ये गुडघा मुरगळलेला असतो. ‘मुका मार आहे, होईल बरा’ म्हणून घरी चोळून घेतलेले असते. एक्स-रेत हाड शाबूत दिसते, कारण लिगामेंट एक्स-रेत दिसतच नाही, आणि त्यामुळे सगळे निर्धास्त होतात. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, मुलगी चालू लागते. मग एक दिवस जिना उतरताना किंवा मैदानावर वळताना गुडघा ‘सटकतो’. असे प्रत्येक सटकणे आतल्या कूर्चेच्या गादीला, म्हणजे मेनिस्कसला, चिरत जाते. विशीत दुर्लक्षिलेला गुडघा चाळिशीच्या आतच झिजू लागतो, तो असा.

मुलींनाच जास्त का?

अमेरिकेत १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने शिक्षणसंस्थांमध्ये मुलींशी भेदभाव करण्यास मनाई झाली आणि कॉलेजच्या मैदानांवर मुली मोठ्या संख्येने उतरल्या. पुढे दुखापतींच्या नोंदी तपासल्यावर दिसले, की बास्केटबॉल आणि फुटबॉलसारख्या खेळांत मुलींचा एसीएल मुलांच्या तुलनेत दुप्पट ते चौपट प्रमाणात फाटतो. काही पाहण्यांत हे प्रमाण याहूनही जास्त आहे.

कंबरेच्या हाडांची रचना, लिगामेंटची जाडी, संप्रेरके अशी कारणे सांगितली जातात आणि त्यांवर अजून वाद आहेत. एका कारणावर मात्र बरेच एकमत आहे, ते म्हणजे उडीनंतर उतरण्याची पद्धत. वयात आल्यानंतर अनेक मुली गुडघे कमी वाकवून आणि आत झुकवून उतरतात. मांडीच्या पुढच्या स्नायूंवर भर जास्त आणि मागच्या स्नायूंवर कमी पडतो. हे मागचे स्नायूच नडगीच्या हाडाला मागे धरून ठेवतात, म्हणजे एसीएलचे ओझे हलके करतात. हाडांची ठेवण बदलता येत नाही. उतरण्याची पद्धत मात्र शिकवता येते. ‘मुलींचे शरीर खेळासाठी नाही’ असा अर्थ यातून काढणाऱ्यांनी ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी.

नऊ महिन्यांचा हिशेब

पूर्ण फाटलेला एसीएल बहुतेक वेळा आपोआप नीट जुळत नाही. उड्या आणि वळणांचे खेळ पुन्हा खेळायचे असतील तर सहसा दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करतात. वाटीखालच्या किंवा मांडीमागच्या कंडरेचा तुकडा घेऊन नवी दोरी बसवली जाते. खेळणे सोडणाऱ्या काही जणींचे केवळ व्यायामावरही भागते. निर्णय वय, काम आणि गुडघा सटकतो का, यावर ठरतो.

खरी कसोटी शस्त्रक्रियेनंतर लागते. बसवलेली दोरी सुरुवातीचे काही महिने उलट कमजोर होते. तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, जुन्या पेशी जाऊन नव्या येतात आणि मग ती हळूहळू लिगामेंटसारखी घट्ट होते. नेमके याच काळात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, दुखणे थांबलेले असते आणि मुलीला वाटते आपण बऱ्या झालो. म्हणून किमान नऊ महिने स्पर्धेत उतरू नये, आणि त्यानंतरही दोन्ही पायांची ताकद व उडी जवळजवळ सारखी असल्याची खात्री करूनच उतरावे, असे आज मानले जाते. पंचविशीच्या आत असल्या खेळांत परतलेल्यांपैकी जवळपास चौघांत एकाला त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्यात पुन्हा ही दुखापत होते.

आपल्याकडे ही घाई आणखी वाढते. दहावी-बारावीचे क्रीडा गुण, नोकरीतला खेळाडूंचा राखीव कोटा, जिल्हा पातळीवरची निवड यांतले काहीच नऊ महिने थांबत नाही. पण सू बर्डने एक संपूर्ण वर्ष सोडले, तेव्हा तिला तिसऱ्या वर्षानंतरचा तो अपराजित हंगाम खेळता आला. पुढे ती पाच ऑलिंपिक सुवर्णपदके घेऊन, २०२२ साली, वयाच्या ४१ व्या वर्षी निवृत्त झाली. सगळ्यांचे असे होत नाही, हेही खरे. शे राल्फला डब्ल्यूएनबीएत एकही सामना खेळता आला नाही. मात्र ती खेळापासून तुटली नाही. पुढे त्याच विद्यापीठात ती सहाय्यक प्रशिक्षक झाली.

पंधरा मिनिटांचा विमा

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही दुखापत बऱ्याच अंशी टाळता येते. योग्य सराव नियमित केला तर मुलींमधील एसीएलच्या दुखापती साधारण निम्म्यावर येतात, असे अनेक अभ्यास एकत्र करून दिसले आहे. फिफाने फुटबॉलपटूंसाठी तयार केलेला ‘११ प्लस’ हा असाच कार्यक्रम आहे. त्याला ना यंत्र लागते, ना जिम. सरावाआधी १५ ते २० मिनिटे, आठवड्यातून दोन-तीनदा, एवढे पुरते.

त्यात काय असावे? बैठका आणि पाय पुढे टाकून वाकणे. एका पायावर तोल सांभाळणे. गुडघे टेकून बसावे, घोटे मैत्रिणीने धरावेत आणि अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकावे, म्हणजे मांडीमागचे स्नायू बळकट होतात. आणि उडी मारून आवाज न करता उतरणे. दोन्ही गुडघे वाकलेले, पावलांच्या रेषेत, एकमेकांकडे न झुकलेले. शाळेच्या बाकाच्या खालच्या पायरीवरून मुलीला उडी मारायला सांगा आणि समोरून मोबाइलवर चित्रण करा. उतरताना गुडघे एकमेकांना भेटायला धावत असतील, तर तिथून शिकवायला सुरुवात करा.

गुडघा मुरगळून काही तासांत सुजला, किंवा चालताना सटकू लागला, तर मालिश टाळा. बर्फ लावा, भार देऊ नका आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. हाताने केलेल्या तपासणीतही बरेच कळते, गरज पडली तर एमआरआय करता येतो. आणि एक विनंती पालकांना: गुडघा दुखावला म्हणून मुलीचा खेळ कायमचा बंद करू नका. तिला वेळ द्या, व्यायाम द्या, मग मैदानही द्या.