जुन्या बाडांतील ‘फूल’ व वऱ्हाडांतील फुलभाज्या

मेहकर व लोणार यांच्या दरम्यान सुलतानपूर हें गांव आहे. हल्लीं तें बुलढाणें जिल्ह्याच्या लोणार तालुक्यांत मोडतें. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलनें आईन-इ-अकबरींत वऱ्हाड सुभ्याचीं सरकारें दिलीं आहेत, त्यांत मेहकर आहे. लोणारास कांच व साबण यांस लागणारीं द्रव्यें सांपडतात आणि सोऱ्यापासून सरकारास चांगलें उत्पन्न होतें, हेंही तेथें नमूद आहे. याच टापूंतील बायका शरदांत हादग्याच्या फुलांची भाजी करीत कीं नाहीं, हें लिहिण्याचें मात्र आईनकारास कांहीं प्रयोजन नव्हतें. खाद्य फुलांचा जुन्या कागदांत शोध करणारानें ही गोष्ट आधीं ध्यानांत घ्यावी. ज्यावर सारा नाहीं व जें बाजारांतून विकत आणावें लागत नाहीं, तें दफ्तरांतही येत नाहीं व घरखर्चाच्या खर्ड्यांतही येत नाहीं. उल्लेख नाहीं म्हणून चाल नव्हती, असें अनुमान येथें काढतां येणार नाहीं.

हादग्याचेंच उदाहरण घेऊं. पानमळ्यांत नागवेलीस आधार व सावली व्हावी म्हणून हादगा, शेवगा, शेवरी, पांगारा हीं झाडें लावण्याची वहिवाट जुनी आहे. पीक पानांचें, हिशेब ठेवावयाचा तो पानांचा. हादग्याचीं पांढरीं फुलें हा त्या मळ्याचा वरकड लाभ, आणि तो बहुधा ओंजळीनें शेजारींपाजारीं वांटला जाई. फुलाचा देठाकडील हिरवा भाग व आंतील केसर काढून टाकावे लागतात, नाहीं तर भाजी कडवट होते. पाकळ्या चिरून कांदा, मिरची घालून परततात व वरून हरभऱ्याचें पीठ पेरतात. ज्वारीच्या भाकरीबरोबर ही भाजी उत्तम लागते. शेवग्याच्या फुलांची भाजीही अशीच पीठ पेरून होते. तथापि फूल खुडलें कीं शेंग गेली; म्हणून जाणती गृहिणी झाडाखालीं पडलेला सडा वेंचते, फांदीस हात लावीत नाहीं. तांबड्या भोपळ्याच्या वेलावरही ज्या फुलाच्या बुडाशीं फळाची गांठ नसते तेंच भज्यांकरितां घेतात. हें ज्ञान कोणत्याही पोथींत शिकविलेलें आम्हांस आढळलें नाहीं. तें सासूकडून सुनेकडे येतें.

‘हादगा’ शब्दासंबंधानें एक इशारा अवश्य आहे. देशावर हस्त नक्षत्राच्या सुमारास मुलींचा जो खेळ होतो त्यासही हादगा किंवा भोंडला म्हणतात. वऱ्हाडांत त्याच सुमारास भाद्रपदी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत भुलाबाई बसते. तेव्हां आश्विनांतील एखाद्या टिपणांत ‘हादगा’ दिसला म्हणजे तो वृक्ष, भाजी कीं खेळ, हें मागच्यापुढच्या ओळींवरून ठरवावें. संस्कृत बाडांत हेंच झाड ‘अगस्ति’, ‘अगस्त्य’ या नांवानें येतें, आणि तेथें तारा व मुनि यांचाही घोटाळा संभवतो.

मग लेखी पुरावा कोठें मिळावयाचा? आमच्या मतें तो पाकशास्त्रापेक्षां वैद्यकांत अधिक आहे. सोळाव्या शतकांतील भावमिश्रानें आपल्या भावप्रकाशांत शाकांचे पान, फूल, फळ, नाल, कंद व संस्वेदज असे सहा प्रकार केले आहेत, आणि पुष्पशाकांत अगस्ति, केळ, शेवगा व सांवर हीं घेतलीं आहेत. अगस्तिपुष्प रातांधळेपणावर सांगितलें आहे; सांवरीच्या फुलांची भाजी तूप व सैंधव घालून स्त्रियांच्या प्रदरावर द्यावी असें म्हटलें आहे. म्हणजे या भाज्या ताटांतून औषधांत गेल्या, कीं औषधांतून ताटांत आल्या, हा प्रश्न उरतोच; आम्हांस पहिला पक्ष अधिक संभवनीय वाटतो. रघुनाथ गणेश नवहस्त यांचें भोजनकुतूहल हेंही या कामीं पाहण्यासारखें आहे. त्याचा काळ कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं इ. स. १६७५ ते १७०० असा ठरविला आहे. त्याच्या कर्त्याचें घराणें महाराष्ट्रांतलें असल्यामुळें आपल्याकडील खाद्यांची चर्चा करतांना तें वगळून चालणार नाहीं.

आतां ज्यास ‘फूल’ म्हटलें पण जें फूल नव्हे, त्याविषयीं. मसाल्याच्या यादींत दगडफूल हटकून असतें. तें शिळांवर व झाडांच्या सालींवर वाढणारें शैवाकाच्या जातीचें द्रव्य. संस्कृतांत त्यास शैलेय म्हणतात. चक्रीफूल अथवा बाद्यान हें चीन देशाकडील एका झाडाचें वाळलेलें फळ. लाल अंबाडीचें जें ‘फूल’ चटणींत किंवा सरबतांत पडतें तें वास्तविक पाकळ्या झडल्यावर मांसल झालेलें बोंड होय. जस्तफूल तर जस्ताचें भस्मच; तें भाजींत शोधूं जाणारानें अंजनाकडे पाहावें! उलट लवंगेच्या नांवांत फूल नाहीं, पण ती न उमललेली कळी आहे. आसवें आंबविण्यास जें धायटीचें फूल लागतें तें मात्र नांवाप्रमाणें खरेंच फूल.

एकच फूल सरकारी कागदांत विपुल सांपडतें, तें मोहाचें. सातपुड्याच्या अंगास व पूर्व विदर्भांत उन्हाळ्याच्या आरंभीं तें रात्रीं गळतें व पहाटे वेंचतात. वाळविलें कीं दीर्घकाळ टिकतें. गोड असल्यामुळें पिठांत मिसळून भाकरीसही चालतें, आणि टंचाईंत गरिबांचा तोच आधार. परंतु दफ्तरांत तें अन्न म्हणून आलें नाहीं, दारूचा माल म्हणून आलें. मुंबई इलाख्यांत १८९२ सालीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांकरितां मोहफुलांचा खास कायदा झाला. पुढें १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानेंही हीं फुलें निर्बंधाखालीं ठेविलीं. महाराष्ट्र शासनानें तीं गोळा करण्यावरील व त्यांच्या वाहतुकीवरील निर्बंध २०२१ सालीं उठविले. अबकारीच्या कागदांवरून जो या फुलाचा इतिहास लिहील, तो शेकडों वर्षें भाकरी खाणाऱ्या लोकांस मद्यपी ठरवून मोकळा होईल.

पाडव्याच्या कडुनिंबाचीही अशीच गत आहे. कोवळीं पानें व फुलें मिरें, हिंग, मीठ, ओंवा, गूळ किंवा साखर यांसह वांटून खावयाचीं, हा आचार प्रसिद्ध आहे. धर्मशास्त्राच्या बाडांत तेथें ‘पारिभद्र’ असा शब्द आढळतो. तो निंबासही लागतो व पांगाऱ्यासही. आणि पांगारा तर पानमळ्यांत हादग्याशेजारींच उभा! पाडव्याच्या प्रकरणीं निंबच घ्यावा, इतरत्र संदर्भ पाहिल्याविना अर्थ करूं नये.

संग्राहकांचें लक्ष बखरी, सनदा व महजर यांकडे असतें. वैद्यकाच्या व व्रतांच्या सुट्या पानांस पुष्कळदां रद्दीची वाट दाखविली जाते. ज्यांच्या संग्रहीं अशीं पानें असतील त्यांनीं निदान नक्कल करून ठेवावी, व नक्कल करतांना ‘फूल’ शब्दापुढील माप गाळूं नये. मासा किंवा तोळा असेल तर तें औषध अथवा मसाला. पसा किंवा ओंजळ असेल तर बहुधा त्या घरीं त्या दिवशीं फुलांची भाजी होती.