रॉड्रिग्ज : सांभाळलेली शांतता

मॉरिशस मराठी माणसाला परकं वाटत नाही. उसाच्या मळ्यांवर राबायला रत्नागिरीकडून गेलेल्यांचे वंशज तिथे आहेत, घरोघरी गणपती बसतात. त्याच देशाचं रॉड्रिग्ज हे बेट मात्र आपल्याकडच्या सहलींच्या यादीत क्वचितच दिसतं. मॉरिशसपासून पूर्वेला सुमारे ६०० किलोमीटर, छोट्या विमानाने दीड तास. विषुववृत्ताच्या उत्तरेला मुंबई जितकी दूर, जवळपास तितकंच हे दक्षिणेला. क्षेत्रफळ १०८ चौरस किलोमीटर, वस्ती चाळीस हजारांच्या थोडी वर. सुट्टीत ज्याला खरोखर विसावा हवा आहे त्याने इथे जावं, असं मला मनापासून वाटतं. आणि गेल्यावर इथली शांतता कशावर उभी आहे, तेही पाहावं.

बेटाभोवती प्रवाळाचं कडं आहे. त्याने अडवलेलं उथळ पाणी बेटाच्या जमिनीपेक्षा दुपटीने मोठं. लाटा दूर त्या कड्यावरच फुटतात, किनाऱ्यावर पोचतं ते निवळशंख, संथ पाणी. ओहोटी लागली की गुडघाभर पाण्यात बायका लोखंडी गज घेऊन चालताना दिसतात. प्रवाळाच्या कपारींतून त्या ऑक्टोपस टिपतात. किनाऱ्यावर काठ्यांच्या मांडवावर तो उन्हात वाळत असतो, आणि लिंबू-मिरची घातलेली त्याची कोशिंबीर घराघरांत होते.

हा ऑक्टोपस संपत चालला होता. पिल्लं मोठी होण्याआधीच पकडली जात होती. मग २०१२मध्ये बेटाने ठरवलं, ऑगस्टच्या मध्यापासून दोन महिने कुणीही ऑक्टोपस धरायचा नाही. मादागास्करच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा अशाच बंदीचा अनुभव समोर होता. जूनमध्ये होड्या वर ओढून नारळी पौर्णिमेची वाट बघणाऱ्या आपल्या कोळीवाड्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. फरक इतकाच की, रॉड्रिग्जवर त्या काळात मच्छीमारांना किनारे साफ करण्यासारखी दुसरी कामं देऊन मजुरी दिली गेली. पोटाची सोय झाली म्हणून बंदी पाळली गेली, असं माझं मत आहे. बंदी उठल्यावर हाती लागलेले ऑक्टोपस वजनाने चांगले भरले.

एवढी सावधगिरी हे बेट फार मोठी किंमत मोजून शिकलं आहे. १६९१मध्ये फ्रान्स्वा लेगा हा फ्रेंच निर्वासित काही सोबत्यांसह इथे उतरला आणि दोन वर्षं राहिला. कासवं इतकी की त्यांच्या पाठींवरून शंभर पावलं चालत जाता येई, असं त्याने लिहून ठेवलं. सॉलिटेअर या न उडणाऱ्या, डोडोच्या नात्यातल्या पक्ष्याचं त्याने केलेलं वर्णन आजही अभ्यासक वाचतात. पुढच्या शतकात जहाजंच्या जहाजं कासवांनी भरून गेली. सॉलिटेअर संपला, इथली दोन्ही जातींची महाकाय कासवंही संपली. २००७पासून बेटाच्या नैर्ऋत्येला लेगाच्याच नावाचं राखीव उद्यान आहे. तिथे आल्डाब्रा आणि मादागास्करच्या जातींची कासवं वाढवली जातात, आणि बेटाची मूळ झाडं पुन्हा लावली जात आहेत.

झाडांतली एक कथा तर विलक्षण आहे. काफे मारों हे कॉफीच्या कुळातलं झुडूप नामशेष झालं असं सगळे धरून चालले होते. १९८०च्या सुमारास एका शाळकरी मुलाने शिक्षकांना एक फांदी आणून दाखवली. तेच झुडूप, जगात शिल्लक असलेलं एकमेव! औषधी म्हणून लोक त्याच्या फांद्या तोडू लागले, तेव्हा कुंपणावर कुंपण घालावं लागलं. १९८६मध्ये त्याची कलमं लंडनच्या क्यू उद्यानात नेली. ते रुजलं, फुललं, पण बी धरायला या शतकाची सुरुवात उजाडली. त्यातून झालेली रोपं नंतर रॉड्रिग्जला परत आली.

तिथे करायचं काय? चालायचं. पूर्व किनाऱ्यावर सें फ्रान्स्वापासून त्रू दार्जांपर्यंत पायवाट जाते, गाडीचा रस्ता नाही. कड्यांमध्ये लपलेली ती छोटी पुळण पायी जाणाऱ्यालाच भेटते. शनिवारी सकाळी लवकर पोर्ट मातुरँ या मुख्य गावाच्या बाजारात जावं. मध, लोणची, इवल्याशा तिखट मिरच्या, लाल घेवडा घ्यावा. होडीने कोको बेटावर जाऊन समुद्रपक्ष्यांची वसाहत पाहावी. हॉटेलपेक्षा एखाद्या कुटुंबाच्या घरी उतरावं, त्यांच्या टेबलावर जेवावं. संध्याकाळी कुठे ढोलाच्या तालावर सेगाचं नाचगाणं चालू असेल तर थांबावं. इथल्या सेगा तांबूरला युनेस्कोने २०१७मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं आहे.

हे बेट किती निवांत असावं? ऑगस्ट १८८३मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला, तेव्हा सुमारे ४,८०० किलोमीटरवरच्या रॉड्रिग्जच्या पोलीस प्रमुखाने दूरवर तोफा डागल्यासारखे आवाज ऐकून त्यांची नोंद केली.

नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ. मे ते ऑक्टोबर हवा कोरडी आणि सुखद असते, वारा मात्र भरपूर. मॉरिशसच्या सहलीत जोडून एका दिवसात हे बेट उरकू नका, निदान चार रात्री राखून ठेवा. आणि सप्टेंबरमध्ये गेलात तर यजमानाकडे ताज्या ऑक्टोपसचा हट्ट धरू नका.