कैगा, गोवा आणि आयोडीनची गोळी

गोव्याच्या दक्षिण सीमेपलीकडे, कारवार तालुक्यात काळी नदीच्या परिसरात कैगा अणुवीज केंद्र उभे आहे. प्रत्येकी २२० मेगावॉट क्षमतेच्या चार अणुभट्ट्या तेथे आहेत. अशा केंद्राच्या शेजारी राहणाऱ्यांना पडणारा साहजिक प्रश्न म्हणजे, अपघाताच्या भीतीने आयोडीनची गोळी घरात आणून ठेवावी का?

गळ्यातील थायरॉईड म्हणजेच अवटू ग्रंथी रक्तातील आयोडीन शोषून संप्रेरके तयार करते. ते आयोडीन साधे की किरणोत्सारी, हा भेद तिला कळत नाही. अणुभट्टीतून बाहेर पडलेले आयोडीन-१३१ श्वासावाटे किंवा दुधावाटे शरीरात गेले की याच ग्रंथीत साठते. पोटॅशियम आयोडाइडची गोळी ग्रंथीला साध्या आयोडीनने आधीच भरून टाकते. मागाहून येणाऱ्या किरणोत्सारी आयोडीनला मग तेथे फारशी जागा उरत नाही.

सारे काही वेळेवर अवलंबून आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते संसर्गापूर्वीच्या २४ तासांत किंवा त्यानंतर दोन तासांपर्यंत घेतलेली गोळी सर्वाधिक उपयोगी पडते. आठ तासांपर्यंत काही लाभ होतो, एक दिवस उलटल्यावर मात्र अपायच संभवतो. प्रौढांची मात्रा १३० मिलिग्रॅम, तीन ते बारा वर्षांच्या मुलांची त्याच्या निम्मी. चाळिशी ओलांडलेल्यांना लाभ कमी आणि थायरॉईडच्या रुग्णांना धोका अधिक. म्हणूनच गोळी केव्हा घ्यायची हे प्रशासनाने सांगावे लागते. अफवेवरून घेतलेली गोळी नेमकी चुकीच्या वेळी पोटात जाते.

एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या आसपासची मुले दूषित दूध पीत राहिली. पुढे बेलारूस, युक्रेन आणि रशियात हजारो मुलांना थायरॉईडचा कर्करोग झाला. शेकडो किलोमीटर दूर असलेल्या पोलंडने मात्र तीन दिवसांत आयोडाइडचे वाटप सुरू केले, एक कोटीहून अधिक मुलांना ते पाजले आणि कुरणात चरणाऱ्या गाईंचे दूध मुलांना देणे थांबवले. हे दुसरे पाऊलही गोळीइतकेच मोलाचे होते. भारतात अणुकेंद्राबाहेरच्या आपत्कालीन नियोजनाची रूढ कक्षा १६ किलोमीटरची आहे आणि गोव्याची हद्द तिच्या बाहेर पडते. दूध आणि वारा अशी कक्षा पाळत नाहीत.

आयोडीनयुक्त मीठ हा पर्याय नव्हे. एका गोळीइतके आयोडीन मिळवायला सहा किलोहून अधिक मीठ खावे लागेल! जखमेवर लावायचे आयोडीन पिणे तर विषारीच.

शिवाय ही गोळी केवळ थायरॉईडचे रक्षण करते, इतर अवयवांचे नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये कैगा केंद्रातच पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियम मिसळल्याचे आढळले आणि पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांच्या शरीरात ते गेले. ट्रिटियम हा किरणोत्सारी हायड्रोजन. त्यावर उपाय भरपूर द्रवपदार्थ पाजून तो लघवीवाटे बाहेर काढण्याचा. आयोडीनची गोळी तेथे निरुपयोगी ठरली असती.